शांत उभ्या घोड्याच्या आत

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा पाद्री स्टीफन हेल्स याला मोजमापाचा विलक्षण नाद होता. झाडाच्या खोडातून रस किती जोराने वर चढतो, हे त्याने मोजलंच. प्राण्याच्या अंगातलं रक्त किती जोराने धावतं, हेही त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने एक घोडी उताणी पाडून बांधली, तिच्या मांडीतली धमनी उघडून तीत पितळेची नळी बसवली आणि त्या नळीला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त काचेतून वर चढत गेलं आणि हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन थबकलं. १७३३ साली हेल्सने हा प्रयोग आपल्या ग्रंथात छापला. रक्तदाब थेट मोजल्याची ही पहिली छापील नोंद, आणि ती घोड्याची आहे.

रक्ताच्या त्या उंचीचं आजच्या एककात रूपांतर केलं, तर १९० ते २०० मिलिमीटर पारा एवढा दाब निघतो. पागेत निवांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याचा सरासरी दाब मात्र १०० ते १२० च्या घरात असतो. हेल्सचं मोजमाप चुकलं होतं असं नाही. घोडी बांधलेली होती, भूल दिलेली नव्हती, मांडीला चीर पडलेली होती. वेदना आणि भीती यांनी तिचं हृदय जोरात धावत होतं आणि अंगभर पसरलेल्या बारीक धमन्या आवळल्या होत्या. चढलेला दाब या दोहोंचा.

अशा भेदरलेल्या जनावराला शांत करायला आजच्या पशुवैद्याच्या पेटीत झायलाझिन, डेटोमिडिन, रोमिफिडिन अशी औषधं असतात. सुई टोचल्यावर दोन-तीन मिनिटांत घोडा मान टाकतो, ओठ लोंबवतो, डोळे अर्धे मिटतो. पाहणाऱ्याला वाटतं, आतलं सगळंच सैल पडलं असणार. होतं ते नेमकं उलट. पहिल्या काही मिनिटांत या शांत घोड्याच्या रक्तवाहिन्या हेल्सच्या घोडीसारख्याच आवळलेल्या असतात. मेंदू पेंगतो आणि धमन्या मुठी वळतात. एकच रेणू ही दोन्ही कामं कशी करतो, ते या प्रकरणात पाहू.

धमनीच्या भिंतीतला स्नायू

हृदयातून निघालेल्या मोठ्या धमन्या रक्त पोचवण्याचं काम करतात. कुठल्या अवयवाला किती रक्त मिळायचं, हे ठरवणं मात्र त्यांच्या हाती नसतं. ते ठरवतात केसासारख्या बारीक धमनिका. त्यांच्या भिंतीत गोलाकार वळलेल्या स्नायूपेशी असतात. या पेशी आखडल्या की नळीचा पोकळ भाग अरुंद होतो, सैलावल्या की रुंद होतो. हात उचलावा तसं हे काम इच्छेने करता येत नाही. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन पाझरतं, स्नायूपेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि पेशी आखडते.

ग्राही एकाच जातीचे नसतात, हे समजायला बराच काळ लागला. १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने अर्गट या बुरशीचा अर्क दिलेल्या प्राण्यांना ॲड्रेनॅलिन टोचलं, तेव्हा दाब चढण्याऐवजी उतरला. ॲड्रेनॅलिनचं आवळण्याचं काम अर्काने अडवलं होतं आणि सैलावण्याचं काम मोकळं राहिलं होतं. याची नीट मांडणी अमेरिकेतल्या रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये केली. त्यांनी ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन गट पाडले. पुढे १९७० च्या दशकात अल्फाचेही दोन भाग झाले, अल्फा-१ आणि अल्फा-२.

अल्फा-१ चं वागणं सरळ आहे. ते धमनीच्या स्नायूवर असतात आणि तिला आवळतात. अल्फा-२ मात्र तीन ठिकाणी तीन कामं करतात. मज्जातंतूच्या टोकावर ते लगाम म्हणून बसलेले असतात. नॉरॲड्रेनॅलिन पुरेसं पाझरलं की त्याचा काही अंश यांनाच चिकटतो आणि पुढचं पाझरणं थांबतं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, जागं आणि सावध राहण्याचं काम बरंचसं त्याच्याकडे आहे. तिथले अल्फा-२ चाळवले की तो पुंजका मंदावतो आणि जनावर पेंगुळतं. तिसरी जागा पुन्हा धमनीच्या स्नायूवरची. तिथे हे ग्राही अल्फा-१ सारखंच आवळण्याचं काम करतात.

झायलाझिन आणि त्याची भावंडं या तिन्ही ठिकाणच्या अल्फा-२ ग्राहींना एकाच वेळी चाळवतात. पुढे जे घडतं, ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

चोंदलेल्या नाकापासून पागेपर्यंत

या औषधांची कुळकथा नाकापासून सुरू होते. सर्दीने नाक चोंदतं, कारण नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. त्या आवळल्या की नाक मोकळं होतं. घरोघरी मिळणारी ऑट्रिव्हिनची बाटली हेच करते; तिच्यातलं झायलोमेटाझोलिन अल्फा ग्राहींवरच काम करतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बोहरिंगर इंगेलहाइम ही जर्मन कंपनी अशाच नाकात घालायच्या नव्या औषधाच्या शोधात होती. त्या शोधात क्लोनिडिन तयार झालं. कंपनीतल्या एका डॉक्टरच्या सचिव बाईंना सर्दी झाली होती, म्हणून त्यांच्या नाकात त्याचे थेंब घातले गेले. बाई झोपल्या त्या जवळजवळ दिवसभर उठल्याच नाहीत. त्यांची नाडी मंद झाली होती आणि रक्तदाब उतरला होता. नाकाचं औषध म्हणून आलेलं क्लोनिडिन पुढे रक्तदाबाचं औषध म्हणून बाजारात गेलं.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, बायर या दुसऱ्या जर्मन कंपनीत झायलाझिन तयार झालं. माणसाच्या रक्तदाबावर ते चालेल, अशी अपेक्षा होती. पण गुंगी इतकी यायची, की माणसासाठी तो बेत सोडून द्यावा लागला. माणसात नको असलेला हा गुण पशुवैद्यांना नेमका हवा होता, कारण साडेचारशे किलोचं जनावर उभ्या उभ्या शांत होत असेल, तर त्याहून काय पाहिजे? १९८० च्या दशकात फिनलंडच्या फार्मोस कंपनीकडून डेटोमिडिन आलं. ते कितीतरी पट तीव्र होतं. झायलाझिनची शिरेतली मात्रा किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम, तर डेटोमिडिनची १० ते २० मायक्रोग्रॅम. म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला डेटोमिडिनचं अर्धा मिलिलिटरही इंजेक्शन पुरतं.

एक गोष्ट आपल्याकडच्या पशुवैद्यांना चांगली ठाऊक असते. गाय-बैल झायलाझिनला फार हळवे असतात. त्यांना घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी मात्रा पुरते. घोड्यासाठी भरलेली सिरिंज चुकून बैलाला टोचली गेली, तर बैल आडवा पडून जिवावर बेतू शकतं.

पहिली दहा मिनिटं

एखाद्या पागेत दाढा घासण्यासाठी घोडा उभा केला आहे, असं समजा. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात, त्यांच्या कडा धारदार होतात आणि गालाला जखमा करतात. म्हणून त्या कानशीने घासाव्या लागतात. शुद्धीवरचा घोडा तोंडात कानस घालू देत नाही. पशुवैद्य मानेतली मोठी शीर अंगठ्याने दाबून फुगवतो आणि झायलाझिन सावकाश सोडतो.

पहिल्या मिनिटातच मान खाली यायला लागते. कान बाजूला पडतात, खालचा ओठ लोंबतो, पाय जरा फाकतात. मोतद्दार हळूच विचारतो, “डॉक्टर, झोपला का हा?”

“झोपला नाही, पेंगलाय. मागं नका जाऊ, लाथ घालील.”

हा इशारा पोकळ नसतो. या औषधांनी पेंगलेला घोडाही अचानक, अगदी नेम धरून लाथ मारतो.

आता पशुवैद्याची बोटं जबड्याच्या खालच्या कडेवर जातात. तिथे चेहऱ्याची धमनी हाडावरून वळते आणि नाडी सहज हाताला लागते. इंजेक्शनआधी ती मिनिटाला ३६ होती, आता २४ च्या आसपास आहे. ठोका सावकाश येतो, पण बोटाखाली भरीव लागतो. वरचा ओठ उचलून पाहिला, तर मघाशी गुलाबी असलेली हिरडी फिकी पडलेली दिसते. छातीला स्टेथोस्कोप लावला, तर दोन-तीन ठोके नियमित येतात आणि मग एक ठोका गळतो. त्या पोकळ जागेत कान देऊन ऐकलं, तर कधी कधी एक अगदी हलका आवाज ऐकू येतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी आपलं काम केलेलं असतं. खालच्या कप्प्यांपर्यंत मात्र इशारा पोचलेला नसतो. डॉक्टर याला दुसऱ्या श्रेणीचा हृदयरोध म्हणतात. माणसाच्या ईसीजीत हा दिसला तर धावपळ होते. घोड्याचं तसं नाही. त्याच्या हृदयावर व्हेगस मज्जातंतूचा पगडा मुळातच मोठा असतो, त्यामुळे तंदुरुस्त घोड्यांत विश्रांतीच्या वेळी असे ठोके गळणं सर्रास आढळतं आणि घोडा पळवला की ते नाहीसं होतं.

आत काय चाललं आहे, त्याचा क्रम आता लावता येतो. औषध शिरेतून हृदयात, तिथून धमन्यांत आणि धमनिकांच्या स्नायूपर्यंत काही सेकंदांत पोचतं. स्नायूवरचे अल्फा-२ चाळवले जातात आणि अंगभरच्या धमनिका एकाच वेळी आवळतात. हिरडी फिकी पडते ती म्हणून. दाब चढतो. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला कळवतात की दाब फार झाला. मेंदू व्हेगसमार्फत हृदयाला आवरतो. नाडी मंदावते, ठोके गळतात. म्हणजे मंद नाडी हा बिघाड नसून चढलेल्या दाबाला शरीराने दिलेलं उत्तर आहे.

हे उमगलं नाही, तर उपचार उलटा पडतो. नाडी मंद दिसते म्हणून ॲट्रोपिन देण्याची पद्धत पूर्वी होती. ॲट्रोपिन व्हेगसचा आवर काढून टाकतं. मग आवळलेल्या धमन्यांविरुद्ध हृदय वेगाने धावू लागतं, आधीच चढलेला दाब आणखी चढतो आणि हृदयावरचा ताण वाढतो. शिवाय ॲट्रोपिनमुळे आतडी थंडावतात, आणि आतडी थंडावली की घोड्याच्या पोटात शूळ उठायला वेळ लागत नाही.

दाब चढला, रक्त घटलं

सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. दाब चढला म्हणजे अवयवांना रक्त भरपूर मिळतं, असं सहज वाटून जातं. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून पाहा. पाइपात पाणी तटतं, धार लांब उडते, पण बादली भरायला मघापेक्षा जास्त वेळ लागतो. आत दाब वाढलेला असतो आणि बाहेर पडणारं पाणी कमी झालेलं असतं.

नळी थोडी अरुंद झाली तरी प्रवाह खूप घटतो. हे गणित फ्रेंच वैद्य प्वाझई यांनी १८४० च्या दशकात मांडलं. विशेष म्हणजे, हेल्सच्या नऊ फुटी नळीऐवजी पाऱ्याची आटोपशीर नळी लावून रक्तदाब मोजण्याची पद्धत त्यांनीच १८२८ मध्ये आणली होती. बाकी सगळं तसंच ठेवलं, तर नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या दहा टक्के घटली, तर प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो. वीस टक्के घटली, तर तो निम्म्याहूनही खाली येतो. धमनिका किंचितशी आवळली तरी फरक एवढा मोठा पडतो तो यामुळे.

घोड्यात मोजून पाहिल्यावरही हेच दिसतं. नेहमीच्या मात्रेत ही औषधं दिली, की हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, ते तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही कमी होतं. घोड्याचं हृदय साधारण त्याच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे चार-साडेचार किलोचं असतं, आणि विश्रांतीतही ते मिनिटाला तीसेक लिटर रक्त फेकतं. ते १५ ते २० लिटरांवर आलं, तर काटकसर करावीच लागते. ती सगळ्या अवयवांच्या वाट्याला सारखी येत नाही. कातडी, स्नायू आणि आतडी यांचा वाटा अधिक छाटला जातो. मेंदू आणि हृदय यांचा त्या मानाने राखला जातो. निरोगी घोडा हे निभावून नेतो, कारण उभ्या उभ्या पेंगणाऱ्या जनावराची गरजही कमी झालेली असते.

दुसरा अंक

आवळणं हे नाटकाचा पहिला अंक असतं. झायलाझिनमध्ये तो पाच-दहा मिनिटांत ओसरू लागतो. डेटोमिडिन आणि रोमिफिडिनमध्ये जास्त रेंगाळतो, आणि मात्रा वाढवली की आणखी लांबतो. तोवर मेंदूतलं काम रंगात आलेलं असतं. मेंदूच्या देठातून धमन्यांकडे जाणारे ताणाचे हुकूम कमी होतात, मज्जातंतूंच्या टोकांवरचा लगाम खेचला गेल्याने नॉरॲड्रेनॅलिन पाझरणंही घटतं. धमन्या सैलावतात. दाब सावकाश उतरतो आणि मूळ पातळीच्याही थोडा खाली जाऊन स्थिरावतो. नाडी अजून मंदच असते. क्लोनिडिन माणसाच्या रक्तदाबावर चालतं, ते या दुसऱ्या अंकामुळे.

पहिला आणि दुसरा अंक वेगवेगळे ग्राही घडवतात, याचा नेटका पुरावा १९९६ मध्ये उंदरांतून मिळाला. अल्फा-२ चे ए, बी, सी असे उपप्रकार असतात. ज्या उंदरांत बी हा उपप्रकार जन्मतःच नव्हता, त्यांच्यात औषध दिल्यावर दाब चढलाच नाही. ज्यांच्यात ए बिघडवलेला होता, त्यांच्यात तो उतरला नाही. म्हणजे रक्तवाहिनी आवळण्याचं काम मुख्यतः ‘बी’कडे, आणि मेंदूतून दाब उतरवण्याचं काम ‘ए’कडे. अतिदक्षता विभागात माणसांना दिलं जाणारं डेक्समेडेटोमिडिन याच कुळातलं आहे. ते भरभर दिलं तर माणसाचाही दाब आधी चढतो आणि मग उतरतो. घोड्याच्या धमनीत जे घडतं, ते आपल्या धमनीतही घडतं.

बाकीचे परिणाम लवकर सांगून टाकू. इन्सुलिन दबल्याने रक्तातली साखर वाढते, मूत्र भरपूर आणि पातळ होतं, अंगाला घाम सुटतो, आतड्यांची गुरगुर कमी होते. पेंग उतरताना घोडा मुतायला थांबतो, तेव्हा मोतद्दाराने घाई करू नये.

नाकाची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. जे कूळ नाक मोकळं करण्यासाठी जन्माला आलं, त्यातलं औषध घेतलेला घोडा नाक चोंदून घोरायला लागतो. कारण रेणूत नाही, मानेत आहे. डोकं गुडघ्यापर्यंत खाली आलं, की गुरुत्वामुळे डोक्यातलं रक्त शिरांमधून सहज परत येत नाही, ते नाकाच्या अस्तरात साचतं आणि अस्तर सुजतं. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. नाक हीच त्याची एकमेव वाट. म्हणून पेंगलेल्या घोड्याचं डोकं छातीच्या पातळीला टेकवून ठेवतात. बाकी उपाय त्यानंतरचे.

उलट्या वाटेचं औषध

घोड्यांसाठी वापरलं जाणारं आणखी एक जुनं औषध रक्तवाहिन्यांवर अगदी विरुद्ध काम करतं. ते म्हणजे एसप्रोमाझिन. १९५० च्या सुमारास फ्रान्समधल्या रोन-पुलँक कंपनीत क्लोरप्रोमाझिन बनलं आणि त्याने मनोविकारांचे उपचार बदलून टाकले. एसप्रोमाझिन त्याच्याच घराण्यातलं. ते घोड्याला थोडं बेफिकीर करतं, पण अल्फा-२ औषधांसारखं मान टाकायला लावत नाही, आणि वेदनाही कमी करत नाही. धमन्यांच्या भिंतीवरचे अल्फा-१ ग्राही मात्र ते अडवून धरतं. धमन्या सैलावतात आणि दाब उतरतो. प्लीहेची भिंतही सैलावते. घोड्याची प्लीहा हे तांबड्या पेशींचं मोठं कोठार असतं. शर्यतीत ती आखडते आणि साठा रक्तात ओतते. एसप्रोमाझिनने ती फुगते, पेशी पुन्हा आत शिरतात आणि रक्ततपासणीत घोडा पंडुरोगी असल्यासारखा आकडा येतो.

डेलचा १९०६ चा प्रयोग इथे पागेत पुन्हा घडू शकतो. एसप्रोमाझिनने दाब फार उतरलेल्या घोड्याला कुणी ॲड्रेनॅलिन टोचलं, तर आवळणारे अल्फा-१ आधीच अडवलेले असतात, सैलावणारे बीटा मोकळे असतात, आणि दाब आणखी कोसळतो. अशा घोड्याला शिरेतून द्रव द्यावा लागतो. रक्तस्राव झालेल्या, पाणी आटलेल्या किंवा धक्का बसलेल्या घोड्याला एसप्रोमाझिन देऊ नये, हा नियम यातूनच आला. नर घोड्यात आणखी एक जोखीम असते. लिंग बाहेर लोंबतं आणि क्वचित परत आतच जात नाही. पैदाशीच्या घोड्याला हे औषध देताना पशुवैद्य दोनदा विचार करतात तो यामुळे.

तरीही दाब उतरवणारं औषध म्हणून एसप्रोमाझिन वाईट ठरत नाही. घोड्यांच्या भुलीतल्या मृत्यूंची मोठी पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ४२ हजार घोड्यांच्या नोंदी होत्या आणि एकूण मृत्यूंचं प्रमाण १.९ टक्के आढळलं. माणसाच्या भुलीच्या तुलनेत हे फारच जास्त आहे. त्या नोंदींत भुलीआधी एसप्रोमाझिन दिलेल्या घोड्यांची जोखीम मात्र कमी दिसली. दाब थोडा कमी असूनही रक्त फिरतं राहिलं, तर शरीर निभावून नेतं. खुरांच्या सुजेच्या दुखण्यात एसप्रोमाझिन देतात, तेही पायाकडचं रक्त वाढावं म्हणूनच.

एक सेंटिमीटरची चूक

ही सगळी चर्चा औषध शिरेत गेलं, असं धरून चालली आहे. घोड्याच्या मानेत मोठी शीर आणि मेंदूकडे जाणारी धमनी जवळजवळ असतात. मानेच्या वरच्या अर्ध्या भागात दोघींच्या मधे एका पातळ स्नायूचा पडदा असतो. खालच्या भागात तो नसतो. सुई खालच्या भागात टोचली आणि थोडी खोल गेली, तर औषध धमनीत शिरतं. मग ते हृदयाकडे जाऊन अंगभर पातळ होण्याऐवजी थेट मेंदूवर आदळतं. सुई बाहेर काढायच्या आत घोडा मागे उसळतो, कोसळतो, त्याला झटके येतात. काही घोडे त्यातून उठतच नाहीत. म्हणून शिकाऊ पशुवैद्याला मानेच्या वरच्या तिसऱ्या हिश्शातच टोचायला शिकवतात. आधी नुसती सुई घालून रक्त कसं येतं, ते पाहायला सांगतात. काळसर रक्त ठिबकलं तर शीर, लालभडक रक्त उसळलं तर धमनी.

पेंग हवी, आवळणं नको

पेंग मेंदूत आणि आवळणं धमनीत घडत असेल, तर दोन्ही वेगळी करता येतील का? अंमल उतरवणारी औषधं आहेत. ॲटिपामेझोल, योहिम्बिन अशी औषधं अल्फा-२ ग्राहींवरून मूळ औषधाला हटवतात. पण ती मेंदूतही शिरतात, त्यामुळे पेंगही उडते.

व्हॅटिनॉक्सॅनचं तसं नाही. हा रेणूही अल्फा-२ ग्राही अडवतो, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहारा त्याला जवळजवळ आत सोडत नाही. म्हणजे तो धमन्यांपुरता काम करतो आणि मेंदूला हात लावत नाही. त्याच्यासोबत डेटोमिडिन दिलेल्या घोड्यांत पेंग बरीचशी टिकली. नाडी फारशी मंदावली नाही, दाब उसळला नाही आणि आतड्यांची हालचालही लवकर सुरू झाली. कुत्र्यांसाठी मेडेटोमिडिन आणि व्हॅटिनॉक्सॅन एकाच बाटलीत आणणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यताही मिळाली. पेंग आणि आवळणं ही एकाच रेणूची दोन वेगळी कामं आहेत, हे यातून प्रत्यक्ष जनावरात दिसलं.

पागेतल्या रोजच्या कामात याचा उपयोग सरळ आहे. दाढा घासायच्या असतील, खूर कापायचे असतील, जखमेला टाके घालायचे असतील आणि घोडा निरोगी असेल, तर पहिल्या अंकातलं आवळणं तो सहज सोसतो. पोटशुळाने रात्रभर लोळलेला, घामाने निथळलेला, हिरड्या मातकट झालेला घोडा समोर आला, तर हिशेब बदलतो. त्याच्या आतड्यांना आधीच रक्त कमी पडतं आहे. झायलाझिनने वेदना थांबते आणि तपासणी करता येते, म्हणून ते द्यावं लागतंच. पण मात्रा लहान ठेवतात, आणि लांब टिकणाऱ्या डेटोमिडिनपेक्षा लवकर उतरणारं झायलाझिन आधी निवडतात. इंजेक्शननंतर शेपटीच्या बुंध्याला पट्टा बांधून मोजलेला दाब छान चढलेला दिसला, तरी जाणता पशुवैद्य त्यावर विसंबत नाही. तो हिरडी बोटाने दाबतो आणि ती पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजतो. दोन सेकंदांहून जास्त लागले, तर दाब कितीही असो, त्या घोड्याच्या अंगात रक्त पुरेसं फिरत नाही, असं धरून तो शिरेतून द्रव चालू करतो.